साइन-ऑफ: बोट सोडताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

काँट्रॅक्ट संपायला दोन-तीन आठवडे उरले की बोटीवरचा माणूस मनाने घरी पोचलेला असतो. चतुर्थीला घरी, शिगम्याला घरी, बहिणीच्या लग्नाला घरी, डोक्यात तेवढंच. आणि नेमक्या त्याच दिवसांत ज्या कागदांवर सह्या घ्यायच्या असतात ते राहून जातात. पेडणे-डिचोलीपासून वास्को-मडगावपर्यंतची मुलं सुट्टीत कागद दाखवायला येतात, तेव्हा घोळ ठरलेले असतात. सीडीसीवर (खलाशाच्या सेवेच्या नोंदीच्या सरकारी पुस्तकावर) साइन-ऑफची, म्हणजे बोट सोडल्याची, तारीख चुकलेली, शेवटच्या महिन्याचा ओव्हरटाइम गायब, कमरेच्या दुखण्याची कुठेच नोंद नाही, तिकीट मोपा विमानतळाचं आणि घरची माणसं गाडी घेऊन दाबोळी विमानतळावर.

बोटीवर असताना कॅप्टनची सही पाच मिनिटांत मिळते. घरी आल्यावर त्याच सहीसाठी एजंटला फोन, कंपनीला ईमेल, आणि तोवर तो कॅप्टनही सुट्टीवर गेलेला. म्हणून खालचा क्रम मोडू नका. मालवाहू बोट आणि क्रूझ यांच्या पद्धतीत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. बाकी सगळं दोघांनाही लागू.

टप्पा १. तारीख आणि बंदर पक्कं करा (दीड-दोन महिने आधी)

आधी तुमचा करार काढा. मूळ प्रत, व्हॉट्सअपवर आलेला फोटो नव्हे. त्यात तीन गोष्टी शोधा: कराराची मुदत आणि पुढेमागे किती दिवसांची सवलत (बहुतेक करारांत 'अधिक-उणे एक महिना' असं काहीतरी असतं), घरी पाठवण्याचं ठिकाण, आणि मुदतीआधी सोडल्यास काय.

मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, आपण ज्याला एमएलसी म्हणतो, ते भारताने २०१५ साली स्वीकारलं. त्यानुसार बारा महिन्यांच्या आत तुम्हाला घरी परतण्याचा हक्क मिळतो, आणि तो खर्च मालकाचा. परतीच्या तिकिटासाठी आगाऊ पैसे मागणं किंवा पगारातून कापणं चालत नाही; खलाशाने कामात गंभीर कसूर केल्याचं ठरलं तरच अपवाद. 'सध्या रिलीव्हर (तुझ्या जागी येणारा माणूस) नाही, तिकीट तू काढ, मग बघू' असं कुणी म्हणालं तर हा नियम लक्षात ठेवा.

नंतर कॅप्टनला किंवा क्रू ऑफिसला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं क्रू बदलताना कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन ओळींचा ईमेल पुरे: नाव, हुद्दा, साइन-ऑनची (बोटीवर रुजू झाल्याची) तारीख, करार संपण्याची तारीख, कोणत्या बंदरात उतरणं सोयीचं. त्याची एक प्रत भरती करणाऱ्या कंपनीला, म्हणजे तुमच्या आरपीएसएल (भरतीचा सरकारी परवाना असलेल्या) एजंटला.

घरी पाठवण्याच्या ठिकाणाबद्दल एक गोष्ट. अनेक करारांत 'मुंबई' लिहिलेलं असतं, कारण सही मुंबईच्या ऑफिसात झाली. मग मुंबई ते गोवा खर्च कोणाचा, हा वाद शेवटच्या दिवशी उभा राहतो. एमएलसीनुसार करार जिथे झाला ते ठिकाण, सामूहिक करारात (युनियन आणि मालक यांच्यातल्या) ठरलेलं ठिकाण, तुमचा राहण्याचा देश किंवा दोघांनी मिळून ठरवलेलं ठिकाण, यांतून निवड करता येते. गोव्यापर्यंतचं तिकीट हवं असेल तर ते आत्ताच, या टप्प्यावर, लिहून घ्या.

*खूण:* कंपनीकडून तारीख आणि बंदर लिहिलेला किमान एक ईमेल हातात आल्याशिवाय लग्नाचा हॉल, बाबांचं ऑपरेशन, देवळातला अभिषेक, यांतलं काहीही त्या तारखेला धरून ठरवू नका. बोट उशिरा पोचते. बंदर बदलतं.

टप्पा २. कागद तपासा (एक महिना आधी)

पासपोर्ट आणि सीडीसी बहुतेक बोटींवर कॅप्टनकडे किंवा क्रू ऑफिसच्या तिजोरीत असतात. एक महिना आधी विनंती करून डोळ्यांनी बघून घ्या. पासपोर्टची मुदत किती उरली आहे? व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पुस्तकं तिजोरीत आहेत ना? उतरायच्या देशाचा आणि वाटेत जिथे विमान बदलायचं त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे एजंटला लेखी विचारा. चढताना काढलेला व्हिसा कित्येकदा एकाच प्रवेशाचा असतो आणि आठ महिन्यांनी उतरताना तो संपलेला असतो. युरोपातल्या बंदरात असं झालं तर एजंट सीमेवर व्यवस्था करू शकतो, पण त्याला आदल्या रात्री सांगून काही होत नाही.

अमेरिकेत उतरणाऱ्यांसाठी: सी-१/डी, म्हणजे बोटीच्या क्रूच्या, व्हिसावर बोट सोडणाऱ्याला अधिकारी जास्तीत जास्त २९ दिवस देऊ शकतो, पण ती परवानगी तुम्ही घरी निघालात म्हणून असते. हातात विमानाचं तिकीट लागतं. मायामीत मित्राकडे चार दिवस राहून मग जाऊ, असले बेत आखू नका. पुढच्या काँट्रॅक्टचा व्हिसा त्यात जातो.

आणि पिवळं कार्ड. ब्राझील किंवा पश्चिम आफ्रिकेच्या बंदरात साइन-ऑफ असेल तर भारतात उतरताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. कार्ड तिजोरीत असेल, चेक-इन सामानात असेल, तर ते नसल्यासारखंच. ते पासपोर्टच्या आतच ठेवा.

टप्पा ३. सीडीसीची नोंद (आठवडाभर आधी, आणि पुन्हा शेवटच्या दिवशी)

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण सगळ्यात महाग चुका याच पानावर होतात.

सीडीसीच्या नोंदीत बोटीचं नाव, अधिकृत क्रमांक, टनेज, इंजिनाची शक्ती, तुमचा हुद्दा, साइन-ऑनची तारीख व ठिकाण, साइन-ऑफची तारीख व ठिकाण, कॅप्टनची सही आणि बोटीचा शिक्का येतो. क्रू ऑफिसमधला माणूस त्या दिवशी तुमच्याबरोबर आणखी वीस-तीस जणांची पानं भरत असतो. तुमचं पान तुम्हीच वाचायचं.

ओळीने बघा.

१. तारखेत महिना अक्षरात लिहायला सांगा. ७/४ म्हणजे आपल्याकडे ७ एप्रिल, अमेरिकी पद्धतीने ४ जुलै. या एका तिरक्या रेघेपायी कुणाची तीन महिन्यांची समुद्रसेवा वाढते, कुणाची नाहीशी होते, आणि दोन्ही प्रकारांत परीक्षेच्या वेळी चौकशी होते.

२. हुद्दा चढताना जो होता तोच आहे का? मधे बढती झाली असेल तर ती वेगळी दाखवावी लागते. ऑर्डिनरी सीमन (ओएस) म्हणून चढला, चार महिन्यांनी एबी (एबल सीमन, त्यावरचा हुद्दा) झाला, आणि साइन-ऑफला सगळे महिने ओएसचेच लिहिले, हे सर्रास होतं.

३. ठिकाण रिकामं नको. 'ॲट सी' असं लिहिलेलं दिसलं तर विचारा.

४. खाडाखोड असेल तर तिच्या बाजूला कॅप्टनची छोटी सही आणि शिक्का हवा. व्हाइटनर लावू देऊ नका.

५. पानावर पगाराचा किंवा कामाच्या दर्जाचा शेरा नको. सेवेच्या नोंदीत या दोन गोष्टी लिहू नयेत असं एमएलसीमध्ये स्पष्ट आहे. कुणी 'कौतुक म्हणून' लिहिलं तरीही.

डेक किंवा इंजिनमध्ये असाल आणि पुढे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सीची (अधिकारी होण्यासाठीची) परीक्षा द्यायची असेल तर सीडीसी पुरत नाही. वॉचकीपिंगसह (पाळीवर पहारा देण्याच्या कामासह) समुद्रसेवेचं वेगळं पत्र कॅप्टनकडून, इंजिनवाल्यांनी चीफ इंजिनियरचीही सही घेऊन, बोटीच्या लेटरहेडवर घ्यावं. त्यातल्या तारखा सीडीसीशी अक्षरशः जुळायला हव्यात. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकच्या राहिलेल्या सह्या याच आठवड्यात घ्या. चीफ मेट बदलला की नवा माणूस जुन्या कामावर सही करत नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं?

*सावधान:* शेवटच्या दिवशी गँगवेवर (बोटीच्या चढ-उताराच्या शिडीवर) पासपोर्ट-सीडीसी हातात पडली की खिशात कोंबू नका. नाव नव्हे, पासपोर्टचा क्रमांक वाचा. एका बोटीवर दोन नाईक आणि तीन फर्नांडिस असणं गोव्याच्या माणसाला नवीन नाही. विमानतळावर कळतं की दुसऱ्याचं पुस्तक आपल्याकडे आणि आपलं त्याच्याकडे, जो वेगळ्या विमानाने केव्हाच गेला.

टप्पा ४. पगाराचा हिशेब (दहा दिवस आधी)

पहिल्या महिन्यापासूनच्या वेज स्लिप एकत्र करा. नसतील तर आत्ता मागा. दर महिन्याला हिशेब मिळणं हा तुमचा हक्क आहे. मग एका कागदावर स्वतः मांडा: मूळ पगार, ठरलेला ओव्हरटाइम, जादा ओव्हरटाइम, लीव्ह पे. वजावटीत घरी पाठवलेली रक्कम, बोटीवर घेतलेली रोख उचल, स्लॉपचेस्टचं (बोटीवरच्या दुकानाचं) बिल, युनियन किंवा प्रॉव्हिडंट फंडाची कपात.

लीव्ह पे बरेच जण विसरतात. एमएलसीप्रमाणे महिन्याला किमान अडीच दिवस पगारी रजा साठते. तुमच्या सामूहिक करारात जास्तही असेल. नऊ महिन्यांचे साडेबावीस दिवस झाले. ते हिशेबात कुठे आहेत, वेगळे दाखवलेत की 'कन्सॉलिडेटेड' पगारात धरलेत, हे करारातल्या शब्दांवर ठरतं. वाचा.

क्रूझवाल्यांनी क्रू अकाउंटही मिटवावं: बारचं बिल, इंटरनेटची पॅकेजं, क्रू शॉपची खरेदी. पगार ज्या कार्डावर जमा होतो त्याचा पिन चालतो का, ते भारतात पैसे काढायला चालतं का, मुदत कधी संपते, हे बोटीवरच पडताळा. शेवटचा पगार त्याच कार्डावर येणार असतो, आणि कार्ड गोव्यात अडकलं तर नवं मागवायला आठवडे जातात.

ओव्हरटाइमवरून वाद असेल तर कामाच्या तासांच्या नोंदीची प्रत मागा. त्यावर तुमची सही असते आणि एक प्रत मिळण्याचा हक्कही असतो. एक अडचण मात्र आधीच सांगतो: विश्रांतीचे तास पुरे दिसावेत म्हणून महिनोन्‌महिने कुणी सांगेल तशी सही केली असेल तर त्याच कागदावर ओव्हरटाइम मागणं कठीण जातं. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, हा नियम कागदावर पाळलेला दाखवण्यात तुमचा काही फायदा नसतो.

*सावधान:* 'सर्व येणी मिळाली, काही तक्रार नाही' अशा कागदावर आकडा रिकामा असताना सही करू नका. आकडा मान्य नसेल आणि सही टाळता येत नसेल तर सहीच्या वर 'अंडर प्रोटेस्ट' (आक्षेप नोंदवून) लिहा, तारीख घाला, फोटो काढा.

टप्पा ५. दुखणं लिहून घ्या

आपली माणसं इथे गप्प राहतात. हात अवघडलाय, पाठीत कळ येते, हॅचवर घसरून गुडघा सुजला होता. पण डॉक्टरकडे गेलो तर 'अनफिट' म्हणतील आणि पुढचं काँट्रॅक्ट जाईल, ही भीती. मग घरी येऊन बांबोळीला एमआरआय, आणि खर्च खिशातून.

बोटीवर काम सुरू झाल्यापासून रीतसर घरी परत पाठवेपर्यंतच्या काळात झालेला आजार किंवा दुखापत ही मालकाची जबाबदारी असते. उपचार, आणि कामाला असमर्थ असाल तर पगारही. देशाचा कायदा या पगाराला मर्यादा घालू शकतो, पण ती १६ आठवड्यांपेक्षा कमी नसते. मात्र ते तेव्हाच झालं हे दाखवायला कागद लागतो. बोटीच्या मेडिकल लॉगमधली नोंद, अपघात अहवाल, बंदरातल्या डॉक्टरची चिठ्ठी, दिलेल्या गोळ्यांची यादी. निघण्याआधी लेखी कळवा आणि प्रती घ्या. त्रास मोठा असेल तर साइन-ऑफचं कारण 'करार संपला' की 'वैद्यकीय', याला महत्त्व आहे. कागदावर काय लिहिलंय ते बघूनच सही करा.

टप्पा ६. काम सोपवणं

रिलीव्हर चढला की दोन दिवस मिळतील असं धरू नका. कित्येकदा तो एका गँगवेवरून चढतो आणि तासाभरात तुम्ही उतरता. म्हणून हँडिंग-ओव्हरची नोट आधीच लिहून ठेवा: काय चालू आहे, काय बिघडलंय, कोणता स्पेअर मागवलाय आणि आला नाही, कोणत्या किल्ल्या कुठे. केबिन स्टुअर्ड असाल तर मास्टर-की, गणवेश, लिननची मोजणी. गॅलीत असाल तर साठ्याची यादी. ज्याला दिलं त्याची सही, तारीख, वेळ. हरवलेल्या मास्टर-कीचे पैसे शेवटच्या पगारातून कापले जातात, आणि ती तुम्ही दिली होती हे सिद्ध करायला तुमच्याकडे तीच सही असते.

क्रूझवर क्लिअरन्सचा कागद घेऊन एकेका विभागात फिरावं लागतं. त्याला उतरण्याच्या आदल्या दुपारी हात घाला. रात्री स्टोअर बंद असतं.

टप्पा ७. सामान

एमएलसीच्या मार्गदर्शक सूचनांत परतीच्या प्रवासात ३० किलो सामानाचा खर्च मालकाने करावा असं आहे. मरीन फेअरच्या (खलाशांसाठीच्या खास दराच्या) तिकिटावर बऱ्याचदा त्याहून जास्त मिळतं. घोळ होतो तो पुढच्या देशांतर्गत विमानात. मुंबई-गोवा तिकीट वेगळं काढलेलं असेल तर तिथे साधारण १५ किलोच धरतात आणि उरलेल्या वजनाचे पैसे तुमच्या खिशातून. एजंटला विचारा: सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे ना?

काय आणू नये:

- व्हेप आणि ई-सिगारेट. भारतात २०१९ पासून बंदी आहे. बोटीच्या दुकानात मिळतात म्हणून मित्रांसाठी पाच-सहा घेतले जातात, आणि ते कस्टममध्ये जातात.
- सॅटेलाइट फोन आणि तसंच काम करणारी संदेशयंत्रं. परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांनाही यासाठी पकडलं आहे.
- ड्रोन.
- बोटीवरच्या डॉक्टरने दिलेल्या गुंगीच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या, चिठ्ठीशिवाय. आखाती देशांत विमान बदलताना यावरून फार त्रास होतो.

रोख रकमेचं वेगळं बघा. क्रूझवरच्या मुलांकडे टिपांचे डॉलर असतात. नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि इतर परकीय चलन मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर भारतात उतरताना करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. पैसे आणायला मनाई नाही. न सांगता आणायला आहे. फॉर्मची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, बँकेत ते डॉलर भरताना मागतात.

कागद, औषधं, पॉवर बँक, एक कपड्यांचा जोड: हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही.

टप्पा ८. प्रत्यक्ष उतरणं

धक्क्याला लागलेल्या बोटीवरून गँगवेने उतरणं सोपं, फक्त दोन्ही हातांत बॅगा घेऊन उतरू नका. खरी काळजी नांगरलेल्या बोटीवरून लाँचमध्ये (किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत) उतरताना. आपल्याच मुरगावच्या नांगरवाड्यात पावसाळ्यात नैऋत्येचं हेलकावणारं पाणी असलं की लाँच बोटीच्या कडेला पुरुषभर वरखाली होते. सिंगापूर, फुजैरा, श्रीलंकेतल्या गॅलपाशीही क्रू बदल असाच नांगरावर होतो.

क्रम असा:

१. सामान आधी, वेगळं, दोराने किंवा क्रेनने. पाठीवर सॅक घेऊन शिडी उतरायची नाही, ती कितीही हलकी असली तरी.

२. लाइफजॅकेट नीट बांधलेलं. पासपोर्ट आणि सीडीसी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, शर्टाच्या आत किंवा चेनच्या खिशात. पायात चपला नकोत, सपाट रबरी तळाचे बूट.

३. पाण्यापासून डेक ९ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही. गँगवेची शिडी आणि तिच्या जोडीला पायलट लॅडर (दोरशिडी) अशी जोडशिडी लागते. एकट्या लांब दोरशिडीवरून उतरवत असतील तर थांबा आणि विचारा. घरी जायच्या घाईत असलेला माणूस हे विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

४. हात बाजूच्या दोरांवर, तोंड बोटीकडे. एका वेळी एकच माणूस शिडीवर.

५. लाँच लाटेवर वर आली की, लाँचवरचा माणूस सांगेल तेव्हा, पाऊल टाका. लाँच खाली जात असताना उडी मारू नका. परत वर येताना ती पाय शिडीशी चिरडते. पाऊल पडलं की लगेच शिडीपासून आत सरका.

हवा खराब असेल आणि मन साशंक असेल तर 'आज नको' म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. विमान चुकलं तर दुसरं मिळतं.

उतरल्यावर एजंट आधी इमिग्रेशनला नेतो. तिथे एकच काम: शिक्का नीट उमटला का, आणि तारीख सीडीसीच्या तारखेशी जुळते का. एका दिवसाचा फरक रात्रीच्या क्रू बदलात होतो, तेव्हा एजंटला तिथेच विचारा. प्रवासात एजंटचा नंबर, हॉटेलचं नाव, तिकिटाची प्रत कागदावर हवी. रोमिंग चालेलच असं नाही. हॉटेल, जेवण, गाडी हे परतीच्या खर्चातच येतं. ते कुणी तुमच्याकडून मागितलं तर पावती घ्या आणि कंपनीकडे पाठवा.

टप्पा ९. भारतात पाऊल, मग गोवा

पहिल्या भारतीय विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम होतं. तिकीट दुबई-मुंबई-गोवा असेल तर सामान मुंबईत पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. 'गोव्यापर्यंत टॅग आहे' म्हणून तसाच पुढे गेलेल्याची बॅग मुंबईतच राहते. दोन विमानांत तीन तासांहून कमी वेळ असेल तर एजंटकडून बदलून घ्या.

कस्टममध्ये आपण क्रू आहोत, प्रवासी नाही, हे ध्यानात ठेवा. चालू कामावरून येणाऱ्या क्रूला करमुक्त सामानाची मर्यादा फार थोडी असते. नोकरीचा करार संपवून अखेरचा हिशेब घेऊन आलेल्याला सामान्य प्रवाशाइतकी सवलत मिळते. म्हणजे साइन-ऑफचा शिक्का असलेली सीडीसी इथेही कामाला येते. मर्यादेची रक्कम बदलत राहते, निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. दारू दोन लिटर. टीव्ही, घड्याळं, सोनं असेल तर लाल मार्ग. हिरव्यातून निघून पकडलं तर दंड वेगळा.

आणि गोव्याचे दोन विमानतळ. दाबोळी म्हणजे जीओआय, वास्कोजवळ. मोपा म्हणजे जीओएक्स, पेडण्यात, २०२३ पासून सुरू. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' लिहिलेलं असतं. मडगाव-कुडतरीच्या माणसाला मोपा म्हणजे उत्तर गोवा पार करून जवळजवळ महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. पेडण्याच्या माणसाला दाबोळी तशीच उलटी. कोड वाचा आणि घरच्यांना कोडसकट कळवा. "आये, मोप्यार येता, दाबोळीर न्हय" एवढा एक निरोप पाठवला की रात्री दोन वाजताचा गोंधळ वाचतो.

टप्पा १०. घरी पोचल्यावर पहिला आठवडा

पहिल्याच दोन दिवसांत सीडीसीचं पान, पासपोर्टचे शिक्के, बोर्डिंग पास, करार, वेज स्लिप, हँडिंग-ओव्हर नोट यांचे स्पष्ट फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. फक्त फोनमध्ये ठेवू नका; फोन चतुर्थीच्या गर्दीत विहिरीत पडतो.

एजंटला साइन-ऑफ कळवा आणि डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या) प्रणालीत तुमच्या इंडॉस (खलाशाच्या नोंदणीच्या) क्रमांकावर ही सेवा चढली का ते बघा. नोंद कंपनीने करायची असते, आणि कंपन्या ती महिनोन्‌महिने लांबवतात. प्रत्यक्ष पान आणि संगणकावरची तारीख जुळत नसेल तर आत्ता दुरुस्त होते. दोन वर्षांनी परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी नाही. अडलंच तर मुरगावला मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचं कार्यालय आहे. जाताना मूळ सीडीसी आणि एजंटशी झालेला पत्रव्यवहार दोन्ही न्या.

मग आयकर. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर बोटीवरचा माणूस सर्वसाधारणपणे अनिवासी ठरतो. दिवस मोजताना, भारतीय बंदर आणि परदेशी बंदर यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय सफरींसाठी सीडीसीवरची साइन-ऑन आणि साइन-ऑफची तारीख धरली जाते. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली ती तिरकी रेघ इथेही येऊन भिडते. १७९-१८१ दिवसांच्या काठावर असाल तर मार्चमध्ये साइन-ऑफ घेण्याआधीच सीएला विचारा, जुलैत विवरणपत्र भरताना नाही. अनिवासी असताना परदेशात केलेल्या कामाचा पगार एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात आला, एवढ्याच कारणाने त्यावर भारतात कर लागत नाही, असं २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. मात्र खातं एनआरई हवं. साध्या बचत खात्यात पैसे घेणारी मुलं अजून आहेत.

शेवटचा पगार आणि लीव्ह पे जमा झाला का? टप्पा ४ मधल्या कागदाशी ताडून बघा. कमी असेल तर रक्कम, महिना, कारण असं लिहून ईमेल करा. फोन करू नका, किंवा केलात तर त्यानंतर ईमेल कराच. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर आरपीएसएल एजंटविरुद्ध डीजी शिपिंगकडे तक्रार करता येते. युनियनचे सभासद असाल तर ती वाट आधी.

मधेच उतरायची वेळ आली तर

हे वेगळं काढून ठेवलं, कारण इथे वरचा क्रम मोडतो.

घरी कुणी गेलं, आई आयसीयूत आहे, अशी वेळ असेल तर कॅप्टनला लेखी विनंती करा आणि हॉस्पिटलचा कागद घरून मागवून जोडा. एमएलसीमध्ये नोटिशीची किमान मुदत सात दिवस आहे, पण घरच्या तातडीच्या प्रसंगी त्याहून कमी मुदतीत, दंड न भरता करार सोडण्याची तरतूद असावी असंही म्हटलं आहे. नुसता कंटाळा आला, दुसरी ऑफर आली, तर मात्र तिकिटाचा खर्च तुमच्याकडून घ्यायचं कलम करारात असू शकतं. राजीनाम्याचं कारण जे असेल ते खरं लिहा. 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं की पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

काहीही झालं तरी कॅप्टनला न सांगता बंदरात उतरून जायचं नाही. ते पळून जाणं धरतात. सीडीसी, व्हिसा आणि मागचा पगार तिन्ही धोक्यात येतात.

आणि मालकानेच हात वर केले असतील? दोन महिन्यांचा पगार थकला, किंवा घरी पाठवायचा खर्च मालक देत नाही, किंवा अन्न-पाणी-इंधन बंद झालं, तर एमएलसीच्या भाषेत तुम्हाला सोडून दिलेलं असतं. अशा वेळी कामी यावी म्हणून प्रत्येक बोटीवर आर्थिक हमीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, २०१७ पासून ते सक्तीचं आहे. त्यात परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार येतो. त्यावर विमा कंपनीचं नाव आणि संपर्क असतो. थेट तिथे, बोटीच्या झेंड्याच्या देशाकडे, डीजी शिपिंगकडे आणि आयटीएफच्या (खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या) जवळच्या निरीक्षकाकडे एकाच दिवशी ईमेल करा. क्रू लिस्ट, पासपोर्टच्या प्रती आणि थकीत महिन्यांचा तक्ता जोडा. हे प्रमाणपत्र मेसरूमजवळच्या किंवा बोटीच्या ऑफिसबाहेरच्या फलकावर असतं, त्याचा फोटो साइन-ऑनच्या दिवशीच काढून घरी पाठवून ठेवा.